गुणपत्रिकेवरून निवडलेला प्रतिनिधी

कॉलेजांमध्ये निवडणुका पुन्हा सुरू करा, ही मागणी प्रवेशाच्या हंगामात उठते आणि गणपती बसेपर्यंत विरते. ती समजून घ्यायची तर फार मागे जावं लागत नाही. बेचाळीसला कॉलेज सोडून बाहेर पडलेली मुलं, संयुक्त महाराष्ट्राचे मोर्चे, आणीबाणीत तुरुंगात गेलेले विद्यार्थी हे सगळ्यांना ठाऊक आहे. विद्यार्थी चळवळीतून आलेले अनेक जण पुढे विधानसभेत आणि मंत्रालयात पोचले. आजचा गुंता त्यानंतरचा आहे.

ऐंशीच्या दशकात थेट निवडणुका होत. पॅनेलं पडत, जीएसपदासाठी, म्हणजे विद्यार्थ्यांच्या सरचिटणीसपदासाठी, बाहेरचा पैसा येई, आणि मतदानाच्या आदल्या रात्री काय काय घडे याचे किस्से जुने प्राध्यापक अजून रंगवून सांगतात. 1989 मध्ये मुंबईत कॉलेज निवडणुकीच्या वादातून एका विद्यार्थ्याचा खून झाला आणि पालकांचा धीर सुटला. नेमक्या त्याच वर्षी 61वी घटनादुरुस्ती अमलात आली आणि मतदानाचं वय 21 वरून 18 वर आलं. अठरा वर्षांची मुलं खासदार निवडायला लायक ठरली. त्यांना वर्गप्रतिनिधी मात्र निवडता येणार नाही, असं राज्याने पुढच्या पाच वर्षांत ठरवलं.

तो निर्णय 1994च्या विद्यापीठ कायद्यात आला. प्रत्येक वर्गातून एक विद्यार्थी, आदल्या वर्षीच्या परीक्षेतल्या गुणवत्तेवरून, प्राचार्यांनी नेमायचा. खेळ, एनसीसी, एनएसएस आणि सांस्कृतिक विभागाचे प्रतिनिधी नेमणुकीनेच यायचे. दोन मुलीही प्राचार्यांनीच घ्यायच्या. या सगळ्यांची मिळून कॉलेजची विद्यार्थी परिषद, आणि तिच्या अध्यक्षस्थानी प्राचार्य. या नेमलेल्या मुलांनी आपल्यातून एक सचिव निवडायचा, बस्स.

हाणामाऱ्या थांबल्या, हे मान्य करायलाच हवं. पण माझी नोकरीची बहुतेक वर्षं या पद्धतीत गेली, आणि तिने काय केलं ते वर्गात बसून पाहिलंय. फलकावर यादी लागायची: वर्ग, नाव, टक्के. दुसऱ्या दिवशी पहिल्या बाकावरची एखादी मुलगी स्टाफरूमच्या दारात उभी. ‘सर, माझं नाव काढता येईल का? बैठक चारला असते, आमची एसटी साडेचारची.’ तिला कुणी विचारलंच नव्हतं, आणि वर्गालाही विचारलं नव्हतं. मागच्या बाकावरचा एखादा पोरगा, ज्याच्याकडे सगळे पासाच्या रांगेपासून परीक्षा फॉर्मपर्यंतची गाऱ्हाणी घेऊन जात, तो दोन विषयांत अडकलेला असल्याने कायद्याच्या लेखी कुणीच नव्हता. बैठकीत स्नेहसंमेलनाची तारीख ठरे, चहा येई, सह्या होत. मुलींच्या वसतिगृहातल्या पाण्याचा विषय इतक्या वर्षांत विषयपत्रिकेवर एकदाही आलेला मला आठवत नाही. प्रतिनिधित्व हे बक्षीस झालं. बक्षीस मिळालेला माणूस उत्तर कुणाला देणार?

राजकारण तरी गेलं का? ते एक मजला वर सरकलं. प्रत्येक कॉलेजचा विद्यापीठ प्रतिनिधी, म्हणजे यूआर, आणि या यूआरच्या मतांवर विद्यापीठाच्या विद्यार्थी परिषदेचा अध्यक्ष. मतदार मोजके, त्यामुळे फोडायला सोपे. झेडपी अध्यक्षाच्या निवडणुकीआधी सदस्यांना सहलीला नेतात, तसं यूआर पळवल्याच्या तक्रारी होऊ लागल्या. हजार मुलांना वळवण्यापेक्षा चाळीसजणांना गाडीत घालणं स्वस्त पडतं, हे पक्षांना कुणी शिकवावं लागलं नाही.

2006 मध्ये देशपातळीवरच्या एका समितीने, माजी मुख्य निवडणूक आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली, मधला रस्ता सुचवला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो लागू करायला सांगितला. उमेदवाराला खर्च पाच हजारांपर्यंत, छापील पोस्टर नाही, 75 टक्के हजेरी, अर्ज भरण्यापासून निकालापर्यंत दहा दिवस. जिथे वातावरण बिघडलेलं असेल तिथे नेमणुकीची पद्धत चालेल, पण पाच वर्षांत निवडणुकीकडे वळा, असंही त्यात होतं. ही मुदत 2011 मध्ये संपते. महाराष्ट्रात नवा विद्यापीठ कायदा झाला तो 2016चा. अंमल 1 मार्च 2017 पासून. त्यात वर्गप्रतिनिधी, अध्यक्ष, सचिव पुन्हा थेट मतदानाने आले, आणि महिला व राखीव प्रवर्गाच्या प्रतिनिधींसाठीही मतदानच. नियम यायला आणखी वेळ गेला. 2019 मध्ये वेळापत्रक लागलं, मुलांनी चौकश्या सुरू केल्या, आणि विधानसभा निवडणुकीचं कारण देऊन ते पुढे ढकललं गेलं. मोठी निवडणूक आहे म्हणून छोटी नको, हा तर्क मला तेव्हाही पटला नव्हता. पुढच्या मार्चमध्ये टाळेबंदी आली.

या काळात लोकशाहीचं शिक्षण बंद पडलं, असं कागदावर तरी म्हणता येणार नाही. उलट 2011 पासून 25 जानेवारीला राष्ट्रीय मतदार दिवस असतो. त्या दिवशी एनएसएसची मुलं रांगोळी काढतात, फेरी निघते, हात पुढे करून शपथ होते, मतदार नोंदणीचे, म्हणजे नमुना सहाचे, अर्ज भरून घेतले जातात, फोटो वर पाठवले जातात. हे काम वाईट नाही. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलींची नावं यादीत अशीच लागली. शाळांमध्ये तर चौथीची पोरं वर्गमंत्री निवडतात, हल्ली मोबाइलवरच्या मतदान यंत्राने, बोटाला शाई लावून. चौथीत जमतं ते एफवायला का जमू नये, यावर प्राचार्यांकडून मिळणारं उत्तर एकच असतं: बंदोबस्त कोण देणार.

तालुक्याच्या ठिकाणच्या सातआठशे मुलांच्या कॉलेजला बंदोबस्त फारसा लागत नाही. अडचण मोठ्या शहरांतल्या मोजक्या कॉलेजांची आहे आणि निवडणुका सगळ्यांच्याच त्यांच्याकडे पाहून थांबल्यात. लहान कॉलेजांत आधी, वर्गप्रतिनिधीपुरतं, एका दिवसात मतदान आणि मोजणी उरकून सुरुवात करता आली असती. 2019 मध्ये एफवायला आलेली तुकडी 2022 मध्ये पदवी घेऊन बाहेर पडली आणि 2024 मध्ये तिने लोकसभा व विधानसभा दोन्हींसाठी मत दिलं. कायद्याने दिलेलं वर्गप्रतिनिधीचं मत तिला मिळालं नाही.