डोंगर जाळल्यानं गवत वाढत नाही

‘फेब्रुवारीत डोंगर पेटवला की पावसाळ्यात गवत जोमानं येतं.’ आमच्या साताऱ्यात जावळीपासून माणपर्यंत हे पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येतं. हे खरं नाही. पहिल्या पावसानंतरची हिरवळ जमिनीखाली जिवंत राहिलेल्या मुळांची असते. ती न जाळताही फुटतेच. जाळल्यानं वर पडलेलं बी करपतं, पालापाचोळ्यातला नत्र धुरात जातो आणि उघड्या उतारावरची राख मातीसकट पहिल्या वळवात ओढ्याला लागते.

जळलेल्या माळावर एकदा वाकून बघा. टिटवी घरटं बांधत नाही, खड्यांतच अंडी घालते. चंडोलाचं घरटं गवताच्या ठोंबाला टेकलेलं. कासव, सरडे, घोरपडीची पिल्लं यांना पळायला किती वेळ मिळणार? दरवर्षी आग लागली तर अशा जाती त्या डोंगरावरून कायमच्या उठतात. माळढोक आधीच दुर्मीळ झालाय, तो मुख्यतः गवताळ माळ गेल्यामुळे.

चाऱ्यासाठी गवत उभं वाळायच्या आत कापा, वाळवा आणि मग गंजी लावा. बांध जाळायचाच असेल, तर आधी चहूबाजूंनी पट्टा साफ करा आणि वारा पडल्यावरच काडी लावा. वणवा दिसला तर वनविभागाचा क्रमांक १९२६.