घाणेरी कापताय? थांबा जरा

आमच्या इथल्या टेकडीवर दर रविवारी श्रमदान असायचं, पंधरा-वीस जण कोयते घेऊन घाणेरी तोडायचो, ढीग रचायचो, ग्रुपवर फोटो टाकायचो आणि चहा पिऊन घरी. पावसाळा झाल्यावर बघतो तर जिथं एक फांदी छाटली तिथं चार फुटलेल्या! तीन वर्षं आम्ही घाणेरीची फुकटात छाटणी करून देत होतो म्हणा ना.

घाणेरी म्हणजे टणटणी, मूळची मध्य आणि दक्षिण अमेरिकेतली. 19व्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटिशांनी शोभेसाठी कोलकात्याच्या बागेत लावली आणि ती कुंपण ओलांडून जी सुटली ती सुटलीच. 2020 सालच्या एका अभ्यासात, भारतात वाघांचा वावर असलेल्या जंगलांपैकी 40 टक्क्यांहून जास्त भागात ती पसरल्याचं दिसलं, म्हणजे साधारण 1,54,000 चौरस किलोमीटर. तिच्या जाळीखाली ऊन पोचत नाही, मुळं-पानांतून झिरपणाऱ्या रसायनांनी इतरांचं बी नीट रुजत नाही, मग गवत गेलं की चितळ-गव्यांनी खायचं काय? गुरं सहसा तोंड लावत नाहीत, आणि लावलंच तर लिव्हर बिघडतं, उन्हात कातडी सोलपटते.

बरं, उपाय काय? दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू आणि त्यांच्या टीमने झाड नीट बघितलं तेव्हा कळलं की नवे फुटवे येतात ते खोड आणि मूळ जिथं जुळतं त्या गाठीतून. म्हणून कुदळ मारायची ती जमिनीच्या 3 ते 5 सेंटीमीटर खाली, मुख्य मूळ तोडायचं आणि अख्खं झुडूप उचलून उलटं, मुळं आभाळाकडे करून ठेवायचं, नाहीतर ओल्या मातीत टेकलेली फांदी परत मुळं धरते. ना केमिकल, ना जेसीबी. जेसीबीने तर माती उकरली जाते आणि तिथंच नवी रोपं उगवतात.

पण खरी चिकाटी पुढे लागते. बुलबुल काळी फळं खातात आणि झाडावर बसून बिया टाकतात, त्यामुळे पुढची दोन-तीन वर्षं अशा बसायच्या झाडांखाली जाऊन रोपं उपटत राहायची आणि मोकळ्या जागेत लगेच स्थानिक गवताचं बी टाकायचं. आणि सगळं एकदम साफ करू नका हं, पक्षी-फुलपाखरांना तोवर आसरा तिचाच असतो, पट्ट्या-पट्ट्यांनी जा.

यंदा आमच्या पट्टीत पवना गवत उगवलंय, गुडघ्याएवढं. कडेच्या निंबाखाली मात्र परवाच ओंजळभर घाणेरीची रोपं उपटली, वर बुलबुल ओरडत होतेच.