आहारातील मीठ, पोटॅशियम आणि रक्तदाब

मिठाच्या वजनात सुमारे ४० टक्के सोडियम असते. ५ ग्रॅम मिठातून साधारण २ ग्रॅम सोडियम पोटात जाते. प्रौढांनी दिवसाला याहून कमी मीठ खावे, आणि आहारातून किमान ३.५ ग्रॅम पोटॅशियम मिळवावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. यातला पहिला आकडा पुष्कळांना ठाऊक असतो, दुसरा क्वचितच. आणि घोटाळा तिथेच होतो.

जास्तीचे सोडियम मूत्रपिंडांनी वेळेत बाहेर टाकले नाही, की शरीरात पाणी साठते, रक्ताचे आकारमान वाढते आणि रक्तदाब चढतो. मूत्रपिंडे ते किती टाकतील, हे मात्र बऱ्याच अंशी पोटॅशियमवर ठरते. मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिकांच्या शेवटच्या टप्प्यात सोडियम व क्लोराइड रक्तात परत ओढून घेणारे एक वाहक प्रथिन असते. रक्तातले पोटॅशियम घटले की हे प्रथिन जोमाने काम करते: पोटॅशियम वाचवण्याच्या खटाटोपात शरीर मीठही राखून ठेवते. पोटॅशियम पुरेसे असले की तेच प्रथिन मंदावते आणि मीठ लघवीवाटे निघून जाते. थायझाइड गटातील रक्तदाबाच्या गोळ्या नेमके हेच प्रथिन रोखतात. शिवाय पोटॅशियममुळे धमन्यांच्या भिंतीतले स्नायू सैल पडतात.

मिठाचा परिणाम सर्वांवर सारखा होत नाही. वृद्ध, मूत्रपिंडविकार असलेले आणि आधीच रक्तदाब वाढलेले लोक त्याला अधिक संवेदनशील असतात.

३२ देशांतील दहा हजारांवर लोकांच्या लघवीतील क्षार मोजणाऱ्या ‘इंटरसॉल्ट’ पाहणीत (१९८८) अॅमेझॉनच्या जंगलातील यानोमामी लोक वेगळे उठून दिसले. ते जवळजवळ मीठ खातच नव्हते आणि त्यांचा रक्तदाब वयाबरोबर वाढत नव्हता. अर्थात त्यांचे सारे जीवनच वेगळे, त्यामुळे एवढ्यावरून निष्कर्ष काढणे धाडसाचे. अधिक भक्कम पुरावा चीनच्या ६०० खेड्यांतील प्रयोगाने दिला (२०२१). तिथे निम्म्या गावांना पाव हिस्सा पोटॅशियम क्लोराइड मिसळलेले मीठ दिले गेले. सुमारे पाच वर्षांत त्या गावांतील पक्षाघाताचे प्रमाण इतर गावांच्या तुलनेत १४ टक्क्यांनी कमी राहिले.

फळे, भाज्या, डाळी, कडधान्ये हे पोटॅशियमचे मुख्य स्रोत. भाजी उकडून पाणी ओतून दिले, तर त्याचा बराच भाग त्या पाण्याबरोबर जातो. मूत्रपिंडे अधू असणाऱ्यांनी किंवा स्पायरोनोलॅक्टोनसारखी पोटॅशियम राखणारी औषधे घेणाऱ्यांनी मात्र असे पर्यायी मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. रक्तात पोटॅशियम फार साचले, तर हृदयाचे ठोके बिघडून जीवही जाऊ शकतो.