गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांचं करायचं काय?

आईच्या बीपी, शुगर आणि थायरॉइडच्या गोळ्या चालू आहेत, त्यामुळे फ्रिजवर श्रीखंडाच्या एका डब्यात संपलेली पाकिटं साठत जातात. "अरे चांदीसारखं आहे, भंगारवाला घेईल की" हे तिचं ठरलेलं वाक्य. दिवाळीच्या साफसफाईत तो डबा आणि बाकीचा औषधांचा पसारा घेऊन मी सिडकोतल्या आमच्या नेहमीच्या भंगारवाल्याकडे गेलो. त्याने खोकी रद्दीत टाकली, कफ सिरपची बाटली पोत्यात, मलमाची ट्यूब दाबून बघितली आणि अॅल्युमिनियमच्या ढिगात फेकली. पाकिटं मात्र डब्यासकट परत. "हे नाय चालत दादा."

आधी वाटलं कंटाळा करतोय, पण त्याचं बरोबर होतं. पाकिटाचा फुगे असलेला पारदर्शक भाग बहुतेक वेळा पीव्हीसी प्लास्टिकचा, साधारण पाव मिलिमीटर जाड, आणि मागची चंदेरी फॉइल अॅल्युमिनियमची, 20-25 मायक्रॉन म्हणजे केसापेक्षाही पातळ. दोन्ही लॅकर (गरम केल्यावर चिकटणारा पातळ लेप) लावून उष्णतेने असे चिकटवतात की पावसाळ्यात घरातलं मीठ ओलं झालं तरी गोळी कोरडी राहते. आणि घोळ तिथेच आहे, कारण जे दमट हवेला उकलत नाही ते भंगारवाल्याला काय उकलणार. वरच्या जाडीवरून हिशोब केला तर वजनात अॅल्युमिनियम जेमतेम सहावा हिस्सा निघतं, शिवाय इतकी पातळ फॉइल भट्टीत टाकली की वितळायच्या आधीच बरीचशी जळून ऑक्साइड होते. दोन्ही बाजूंनी चंदेरी असलेलं अॅलु-अॅलु पाकीट तर त्याहून फसवं, दिसतं सगळं धातूचं पण आतून नायलॉन, अॅल्युमिनियम आणि पीव्हीसी असे तीन थर.

मग निदान प्लास्टिकमध्ये का नाही घेत? एक प्रयोग करून बघा. वाटीभर पाण्यात सिरपच्या प्लास्टिकच्या झाकणाचा तुकडा, पाण्याच्या बाटलीचा तुकडा आणि फॉइल सोललेला एखादा फुगा कापून टाका, हवेचे बुडबुडे बोटाने काढा. झाकण तरंगतं, बाकी दोन्ही तळाला जातात. बाटली पीईटी प्लास्टिकची, आणि पीईटी अन् पीव्हीसी दोघांची घनता पाण्याच्या जवळपास 1.38 पट, म्हणजे पाण्यात बुडवून प्लास्टिक वेगळं करायची जी सगळ्यात स्वस्त युक्ती आहे ती इथे फेल. पीईटी वितळवायला अडीचशे अंशांच्या वर जावं लागतं, तोवर पीव्हीसी करपून अॅसिडची वाफ सोडायला लागतं, आणि थोडंसं मिसळलं तरी सगळा माल पिवळट, काळ्या ठिपक्यांचा होतो. कोण घेणार तो?

पाकिटं दळून विजेच्या भाराने धातू आणि प्लास्टिक वेगळं करता येतं, द्रावणाने चिकटलेले थर सोडवताही येतात, पण त्यासाठी नुसती पाकिटंच टनावारी गोळा व्हायला हवीत, आईच्या डब्याने काय होणार.

थंडीत शेकोटीत मात्र ही पाकिटं अजिबात टाकू नका, आमच्या गल्लीत हे सर्रास चालतं. पीव्हीसीच्या वजनातला 57 टक्के भाग क्लोरीन, जाळलं की हायड्रोक्लोरिक अॅसिडचा धूर आणि विषारी डायॉक्सिन. रिकामी पाकिटं घंटागाडीच्या सुक्या कचऱ्यात द्यायची, गोळ्या उरलेली मात्र वेगळ्या पिशवीत, कारण 2016 च्या घनकचरा नियमांतही मुदत संपलेली औषधं घरगुती घातक कचऱ्यात धरली होती. बेसिनमध्ये सोडली तर मलनिस्सारण केंद्रात सगळी औषधं निघत नाहीत आणि पुढे आपलीच गोदावरी.

बाय द वे, थायरॉइडच्या गोळ्या शंभराच्या बाटलीतही मिळतात हे मला केमिस्टकडे बघून कळलं. म्हणजे दहा पाकिटं वाचली, फक्त झाकण उघडं ठेवलं तर सगळ्याच गोळ्यांना दमट हवा लागते, म्हणून आत सिलिकाची पुडी असते ती काढायची नाही. पहिली बाटली संपल्यावर मी तिचा तुकडा कापून वाटीत टाकला, तरंगला. उरलेली बाटली भंगारवाल्याने न बोलता घेतली. श्रीखंडाचा डबा मात्र आईने अजून रिकामा करू दिलेला नाही.