कृत्रिम काळी रंजके

दगडी कोळशाच्या डांबरातून, आणि आता मुख्यतः खनिज तेलापासून, मिळणाऱ्या बेंझीन, नॅप्थॅलीन यांसारख्या संयुगांपासून बनवलेली काळी छटा देणारी रंजके. कापड, कातडे, शाई, बूट पॉलिश, केसांचे कलप आणि प्रयोगशाळा अशा सर्व ठिकाणी ती लागतात.

रंगाऱ्याच्या कामात काळा रंग सर्वांत कसोटीचा. दृश्य प्रकाशाचे सगळे पट्टे जवळजवळ सारखेच शोषले गेले, तरच कापड काळे दिसते. एकट्या रंजकाला हे क्वचित साधते. पूर्वी हिरडा आणि लोहक्षार वापरून काळा काढत. १८६३ मध्ये जॉन लाइटफुट यांनी ॲनिलीन ब्लॅकचे पेटंट घेतले. यात ॲनिलिनाचे (बेंझिनापासून मिळणाऱ्या एका संयुगाचे) ऑक्सिडीकरण धाग्यावरच होते.

बडोद्यात या विद्येचे शिक्षण लवकर सुरू झाले. सयाजीराव गायकवाडांनी १८९० मध्ये स्थापलेल्या कलाभवनाचे पहिले प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर हे रसायनज्ञ होते आणि रंगाई हा तेथील महत्त्वाचा विषय होता. चापेकर बंधूंनी मुंबईतील व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला फासलेले डांबर काढले तेही गज्जरांनीच. पुढे कलाभवन महाराजा सयाजीराव विद्यापीठात सामावले गेले.

सुती कापडासाठी स्वस्त आणि पक्का म्हणून सल्फर ब्लॅक फार चालतो. तो पाण्यात विरघळत नाही. सोडियम सल्फाइड घातले की हिरवट द्राव होतो, सूत तो पिते आणि हवा लागली की काळे पडते. धुणे नीट झाले नाही, तर साठवणीत गंधकाम्ल तयार होऊन कापड कुजते. दोष दिसतो तो महिन्यांनी. रिॲक्टिव्ह ब्लॅक ५ धाग्याशी रासायनिक बंध जोडतो. त्याची मूळ छटा गडद निळी असल्याने पूर्ण काळ्यासाठी नारिंगी, लाल रंजके मिसळावी लागतात. संक्रांतीच्या सुती चंद्रकळेचा काळा आज बहुधा याच घराण्यातला.

प्रयोगशाळेत प्रत्येक काळ्याचे काम वेगळे. पाण्याची कठीणता मोजताना अमोनिया बफरमध्ये (सामू १० वर स्थिर ठेवणाऱ्या द्रावात) एरिओक्रोम ब्लॅक टी हा दर्शक टाकला की द्राव रेड वाइनसारखा लाल होतो. ईडीटीए (कठीणता आणणाऱ्या धातूंना बांधून घेणारे रसायन) थेंबथेंब सोडत गेल्यावर जांभळा होतो आणि शेवटच्या थेंबाला लख्ख निळा. विद्यार्थी घाई करतात ती नेमकी इथेच. सूडान ब्लॅक बी मेदात विरघळतो आणि काही रक्तपेशींतील मेदयुक्त कण रंगवतो, म्हणून रक्ताच्या कर्करोगाचा प्रकार ओळखायला उपयोगी पडतो. अमिडो ब्लॅक प्रथिनांना चिकटतो. रक्ताने माखलेले बोटांचे ठसे त्याने उठून दिसतात. निग्रोसीन जीवाणूंत शिरत नाही, भोवतालची पार्श्वभूमी तेवढी काळी करते.

डायरेक्ट ब्लॅक ३८ सारखी बेंझिडीन या संयुगावर आधारलेली रंजके कर्करोगकारक ठरली. भारतात त्यांवर १९९३ पासून बंदी आहे. रिॲक्टिव्ह रंजकाचा बराच भाग सुताला न लागता पाण्यात जातो आणि ते पाणी सहज विरंजत नाही. बडोद्याच्या परिसरातील रासायनिक कारखान्यांचे प्रक्रिया केलेले सांडपाणी सुमारे ५५ किलोमीटरच्या कालव्याने खंभातच्या आखाताकडे नेले जाते. वाटेतल्या गावांच्या विहिरींचा विचार करता, सोडण्यापूर्वीची ही प्रक्रिया काटेकोर असणे अत्यावश्यक आहे.