लपवलेला मजकूर आणि हरवलेली लिपी

वैज्ञानिक थरारकथांमध्ये एक प्रसंग जवळपास ठरलेला असतो. जगावर संकट कोसळायला थोडाच अवधी उरलेला असतो, वाळवंटात किंवा समुद्राच्या तळाशी एक प्राचीन शिलालेख सापडतो, एक भाषाशास्त्रज्ञ आणि एक गणितज्ञ रात्रभर संगणकासमोर बसतात आणि पहाट होण्याच्या आत पूर्वजांनी आपल्यासाठी ठेवलेला इशारा वाचून काढतात. कथा म्हणून हे मलाही आवडते. परंतु या एका प्रसंगात दोन अगदी वेगळी कामे एकत्र शिवलेली असतात आणि त्यामुळे अनेक वाचकांच्या मनात ती एकच होऊन बसतात. पहिले काम कूटलेखन फोडण्याचे आणि दुसरे विस्मृतीत गेलेली लिपी वाचण्याचे. दोन्हींत समोर न कळणारी चिन्हे असतात, इतपत साम्य खरे आहे. मात्र कूटलेखनात मजकूर कोणीतरी जाणूनबुजून लपवलेला असतो, तर विस्मृत लिपीत लिहिणाऱ्याने काहीच लपवलेले नसते, फक्त वाचणारे उरलेले नसतात. पद्धत कोणती वापरायची, उत्तर बरोबर आहे हे कशावरून मानायचे आणि शेवटी हाती काय लागण्याची शक्यता आहे, हे सगळे या एका फरकावर ठरते.

कूटलेखनाचे आपल्या भाषेतील उत्तम उदाहरण महानुभाव पंथाचे आहे. आपले ग्रंथ परक्यांच्या हाती पडले तरी त्यांना वाचता येऊ नयेत, यासाठी या पंथाने सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्या वापरल्या, आणि त्यामुळे मराठी गद्याचे आद्य वैभव म्हणावे असे साहित्य कित्येक शतके मठांबाहेरच्या मराठी माणसाला अपरिचित राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाडे यांच्यासारख्या अभ्यासकांनी या लिप्यांची किल्ली उघड केली, तेव्हा आत निघाली ती मराठीच. ठरावीक अक्षराच्या जागी ठरावीक चिन्ह, एवढाच मुळात व्यवहार होता. भाषा ओळखीची असल्यामुळे किल्ली बरोबर लागताच वाक्ये आपोआप अर्थ देऊ लागली आणि चुकीची किल्ली लावली तर निरर्थक अक्षरांशिवाय काही मिळाले नसते.

ओळखीची भाषा हाच कूटलेखन फोडणाऱ्याचा खरा आधार असतो. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-किंदी या विद्वानाने लिहून ठेवले, की प्रत्येक भाषेत काही अक्षरे वारंवार येतात आणि काही क्वचित. तेव्हा कूटमजकुरातील चिन्हांची वारंवारता मोजली, तर कोणते चिन्ह कोणत्या अक्षरासाठी आहे याचा अंदाज बांधता येतो. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीचे एनिग्मा यंत्र या साध्या मोजणीला दाद देणारे नव्हते, कारण त्याच्या मांडणीचे संभाव्य प्रकार 159 या आकड्यावर 18 शून्ये द्यावीत इतके होते आणि रोजची मांडणी वेगळी असे. तरीही पोलंडच्या मारियान रेयेव्स्की या गणितज्ञाने 1932 च्या अखेरीस त्या यंत्राची अंतर्गत रचना गणिताने काढली. जुलै 1939 मध्ये पोलंडने आपले ज्ञान ब्रिटन आणि फ्रान्सच्या हवाली केले, आणि इंग्लंडमध्ये ब्लेचली पार्क येथे अॅलन ट्युरिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी रोजची मांडणी शोधणारी यंत्रे उभी केली. त्या यंत्रांना सुरुवात करून द्यायला संदेशातील एखादा अपेक्षित शब्द लागे; हवामानाच्या संदेशात ‘हवामान’ हा जर्मन शब्द असणारच, हे धरून चालता येई. येथे वेळेशी शर्यत खरोखर होती आणि उत्तर उशिरा मिळाले तर जहाजे बुडत होती. थरारकथेतील घड्याळाची टिकटिक येते ती या बाजूने.

विस्मृत लिपीच्या बाबतीत असे घड्याळ नसते. ब्राह्मी लिपी सम्राट अशोकाने लपवण्यासाठी वापरली नव्हती. रस्त्यालगतच्या खडकांवर आणि उंच स्तंभांवर ती कोरली होती, सर्वांनी वाचावी म्हणून. पुढे अक्षरांची वळणे शतकाशतकाला बदलत गेली आणि एक वेळ अशी आली, की विद्वान पंडितांनाही ते लेख वाचता येईनात. 1836 मध्ये प्राच्यविद्येचे अभ्यासक ख्रिश्चन लासेन यांनी अॅगॅथोक्लीझ या ग्रीक राजाच्या द्विभाषिक नाण्यांवरून काही अक्षरे लावली. 1837 मध्ये कलकत्त्याच्या टांकसाळीत काम करणाऱ्या जेम्स प्रिन्सेप यांच्यासमोर सांचीच्या स्तूपावरील बऱ्याच छोट्या लेखांचे ठसे होते. हे लेख एकमेकांपासून वेगळे होते, पण जवळपास प्रत्येकाचा शेवट त्याच दोन अक्षरांनी होत होता आणि त्यांतल्या शेवटच्या अक्षरावर टिंब होते. प्रिन्सेप यांनी विचार केला, की देवस्थानाच्या कठड्यावर आणि खांबांवर इतके छोटे, सुटे आणि सारख्याच शेवटाचे लेख कोण कोरून ठेवील? दान देणारा. मग ती दोन अक्षरे ‘दानं’ असली पाहिजेत, आणि त्यांच्याआधी पुन्हा पुन्हा येणारे अक्षर प्राकृतातील षष्ठीचा ‘स’ असला पाहिजे: अमक्याचे दान. येथून पुढे वर्णमाला उलगडत गेली. आपल्याकडे कार्ल्याच्या चैत्यगृहातील खांबांवर धेनुकाकट येथील यवनांच्या दानाचे जे लेख आहेत, तेही याच ‘दानं’ने संपतात, नाशिकची लेणी आणि नाणेघाट येथील सातवाहनांचे लेख आज वाचता येतात, ते याच उलगड्यामुळे.

प्रिन्सेप यांची ही युक्ती वारंवारता मोजण्याच्या युक्तीसारखी दिसते खरी. पण एरवी केवळ योगायोग वाटला असता असा तो समान शेवट त्यांना बोलका वाटला, तो लेख कोठे कोरलेला आहे याची जाण असल्यामुळे. शिवाय प्राकृत आणि संस्कृत या भाषा जिवंत परंपरेतून माहीत होत्या. हे भाग्य प्रत्येक लिपीला लाभत नाही. क्रीट बेटावर आर्थर एव्हान्स यांनी 1900 मध्ये नोसॉस येथे उत्खनन सुरू केले, तेव्हा मातीच्या पाट्यांवरील ‘लिनियर बी’ नावाने पुढे ओळखल्या गेलेल्या लिपीची ना चिन्हे माहीत होती, ना भाषा. अमेरिकेतील अॅलिस कोबर यांनी भाषा कोणती याचा अंदाज करण्याचेच नाकारले आणि सुरुवात तीच पण शेवट वेगळा असलेल्या शब्दांचे गट जुळवून या भाषेत विभक्तीसारखे प्रत्यय आहेत, हे दाखवून दिले. 1950 मध्ये त्यांचा मृत्यू झाला, तेव्हा काम अर्धवट होते. पेशाने वास्तुरचनाकार असलेल्या मायकेल व्हेन्ट्रिस यांनी त्यावर चिन्हांचा तक्ता रचला, काही शब्द क्रीटमधील गावांची नावे असावीत असे धरून ध्वनी लावून पाहिले आणि 1952 मध्ये, स्वतःच्याच पूर्वीच्या मताविरुद्ध, ती भाषा ग्रीक असल्याचा निष्कर्ष जाहीर केला. या कथेत कोबर यांचे नाव मागे पडते, हे मला नेहमी खटकते. त्यांच्या गटांवाचून तो तक्ता रचला गेला असता असे मला वाटत नाही.

लगेचच व्हेन्ट्रिस यांना साथ देणारे जॉन चॅडविक युद्धकाळात जपानी संदेश फोडण्याचे काम करत होते, म्हणजे दोन्ही कामांमध्ये ये-जा करणारी माणसे आहेत. तरी चॅडविक यांचे येथील मोठे योगदान प्राचीन ग्रीक भाषेच्या जाणकाराचे होते. सिद्धतेचे स्वरूपही निराळे असते. कूटलेखनात किल्लीच्या मानाने मजकूर पुरेसा लांब असला, की उत्तर स्वतःच स्वतःची साक्ष देते. साध्या अक्षरबदलासाठी इंग्रजीत सुमारे 30 अक्षरे पुरतात, असे अमेरिकी गणितज्ञ क्लॉड शॅनन यांचे गणित होते. लिनियर बीबाबत बहुतेकांची शंका फिटली ती बाहेरच्या पुराव्याने. ग्रीसमधील पायलोस येथील नव्याने स्वच्छ केलेल्या एका पाटीवर व्हेन्ट्रिस यांचे ध्वनी लावले, तेव्हा ‘तिरिपो’, म्हणजे ग्रीकमधली तिवई, असा शब्द आला आणि त्याच्या शेजारी तिवईसारख्या भांड्याचे चित्र होते. ‘चार कानांचे’, ‘तीन कानांचे’, ‘बिनकानाचे’ असे शब्द आले आणि त्या त्या शब्दापुढील भांड्याला तितकेच कान काढलेले होते.

मजकुराकडे पाहिले, की थरारकथेपासूनचे अंतर आणखी स्पष्ट होते. लिनियर बीच्या पाट्यांवर मेंढ्या, लोकर, तेल, रथांची चाके आणि कांसे यांचे हिशेब आहेत. त्या टिकल्या याचे कारणही विलक्षण आहे: कच्च्या मातीच्या या पाट्या राजवाडे जळाले तेव्हाच्या आगीत भाजून पक्क्या झाल्या. पायलोसच्या काही पाट्यांत ‘अशा प्रकारे पहारेकरी किनाऱ्याचे रक्षण करत आहेत’ अशा आशयाची सुरुवात आणि तुकड्यांची यादी आहे. काही अभ्यासक ती हल्ल्याच्या भीतीची तयारी मानतात, काही नेहमीचा बंदोबस्त. संकटाच्या सावलीत लिहिलेल्या प्राचीन लेखाचे याहून जवळचे उदाहरण मला माहीत नाही, आणि तोही कारकुनाने आपल्या कचेरीसाठी लिहिलेला आहे, आपल्यासाठी नव्हे.

मोडीचा उल्लेख येथे करायला हवा, कारण ती ‘गुप्त लिपी’ होती असे अनेकदा सांगितले जाते. झरझर लिहिता यावे यासाठी वापरात असलेली ती कारभाराची लिपी होती. तिचे वाचक घटले, संपले नाहीत, आणि ती वर्गात बसून शिकता येते.

जुन्या लेखाने पुढच्या संकटाची खरी जाणीव करून दिली, असे एक उदाहरण आहे, आणि ते या दोन्ही कामांच्या बाहेरचे आहे. जानेवारी 1700 मध्ये जपानच्या पूर्व किनाऱ्यावर भूकंप जाणवला नसताना त्सुनामी आली. मिहो या गावाच्या मुखियाने भूकंपावाचून समुद्र असा का वागला, याचे आश्चर्य लिहून ठेवले. 1996 मध्ये भूकंपशास्त्रज्ञ केंजी साताके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या नोंदींचा संबंध उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याशी जोडला. तेथे खाऱ्या पाण्यात उभ्या असलेल्या मृत वृक्षांवरून ब्रायन अॅटवॉटर यांच्यासारख्या भूशास्त्रज्ञांनी जमीन अचानक खचल्याचे दाखवले होतेच. 26 जानेवारी 1700 च्या रात्री तेथे सुमारे 9 तीव्रतेचा भूकंप झाला होता, असा निष्कर्ष निघाला आणि असा भूकंप पुन्हा होऊ शकतो, हे गृहीत धरून त्या भागात नियोजन होऊ लागले. ते लेख फोडावे लागले नाहीत, उलगडावेही लागले नाहीत. साध्या जपानीत लिहिलेले ते कागद भूशास्त्राच्या शेजारी ठेवणारे कोणीतरी लागले.

सिंधू लिपीविषयी दर काही महिन्यांनी ‘कोड फुटला’ अशी बातमी येते, तेव्हा हा सगळा फरक लक्षात ठेवावा लागतो. इरावतम महादेवन यांनी 1977 च्या सूचीत 417 चिन्हे मोजली. सर्वसाधारण लेख पाचेक चिन्हांचा असतो आणि एका पृष्ठावरील सर्वांत लांब लेख 17 चिन्हांचा आहे. भाषा ठाऊक नाही, आणि ही पूर्ण अर्थाने लिपी आहे का यावरही 2004 पासून वाद आहे. इतक्या तोकड्या मजकुरावर कोणतीही भाषा लादली, तरी काही ना काही अर्थ निघतो, म्हणून अर्थ निघाला हा येथे पुरावा ठरत नाही. जानेवारी 2025 मध्ये तमिळनाडूच्या मुख्यमंत्र्यांनी या उलगड्यासाठी 10 लाख डॉलरचे पारितोषिक जाहीर केले. ते संगणकाच्या जोरावर कोणी जिंकेल याची मला खात्री वाटत नाही. माझी आशा द्विभाषिक लेखावर आहे. सिंधू मुद्रा मेसोपोटेमियातील ऊर येथे आणि आखातातील बेटांवर सापडल्या आहेत, आणि लूव्र संग्रहालयातील एका अक्कादी दंडगोल मुद्रेवर शू-इलिशू या माणसाचे नाव ‘मेलुहाच्या भाषेचा दुभाषी’ अशा पदासह कोरलेले आहे. मेलुहा म्हणजे सिंधूचा प्रदेश, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्या दुभाष्याच्या काळात कोणा व्यापाऱ्याने एकच करार दोन्ही लिप्यांत लिहून घेतला असेल, तर तो इराकच्या किंवा बहारीनच्या मातीत सापडण्याची शक्यता आहे, आणि तो शोधण्याचे काम उत्खननाचे आहे.