गिअरबॉक्सचा झटका की शाफ्टची ढुशी?

सिग्नल लाल होतो. तुम्ही ब्रेक दाबून पिकअप अलगद थांबवता, काटा शून्यावर येतो, आणि तेवढ्यात बैलाने मागून ढुशी द्यावी तसा धक्का बसतो. आरशात बघावं तर मागची गाडी चांगली दहा फुटांवर. गाडी ऑटोमॅटिक असेल तर मालकाच्या तोंडून निघणारं पुढचं वाक्य ठरलेलं असतं: ‘गिअरबॉक्स गेला वाटतं.’

जुन्या जीपच्या मिस्त्रीला हाच आवाज ऐकवला असता तर तो काही न बोलता गाडीखाली शिरला असता आणि बाहेर येऊन म्हणाला असता, ‘क्रॉस हलतोय,’ म्हणजे मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्याचा सांधा ढिला झालाय. ऑटोमॅटिक म्हटलं की आपल्याला महागडा डबा तेवढा दिसतो. त्याच्या मागे मागच्या हाउसिंगपर्यंत, म्हणजे मागच्या अॅक्सलच्या गिअरच्या पेटीपर्यंत, गेलेला तो लोखंडी दांडा, प्रोपेलर शाफ्ट, कुणी बघतच नाही. धक्का दोघेही देतात, पण दोन्ही धक्क्यांची जात वेगळी.

आधी शाफ्टचं बघू, कारण खरी गंमत तिथेच आहे. स्विफ्टचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २४५० मिलिमीटर; हायलक्स पिकअपचा ३०८५, व्ही-क्रॉस पिकअपचा ३०९५. शिवाय स्विफ्टचं इंजिन पुढचीच चाकं फिरवतं, इथे ताकद मागच्या चाकांपर्यंत न्यायची असते. बऱ्याच लांब पिकअपमध्ये त्यासाठी शाफ्ट दोन तुकड्यांचा असतो, मध्ये रबरात बसवलेलं सेंटर बेअरिंग, सांध्यांना क्रॉस. आणि मागे पाटे, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगा. गाडी खड्ड्यात गेली, ब्रेक लागला, माल भरला की पाटे दबतात, अॅक्सल थोडा पुढे-मागे सरकतो, जरा पिळवटतोही. म्हणजे गिअरबॉक्स ते हाउसिंग हे अंतर सतत बदलत असतं. तो फरक भरून काढायला शाफ्टमध्ये खाचांचा एक सरकता सांधा दिलेला असतो, जुन्या छत्रीच्या दांड्यासारखा आत-बाहेर होणारा. त्यातलं ग्रीस वाळलं की ब्रेक मारताना तो अडकून राहतो आणि गाडी थांबल्यावर, ताण सुटला की, एकदम सरकतो. तीच ती ढुशी.

आता गिअरबॉक्सचं. ऑटोमॅटिकमध्ये गिअर बदलतो म्हणजे आतला एक क्लच सुटतो आणि दुसरा पकडतो. हे काम तेलाच्या दाबावर चालतं आणि तो दाब सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारे छोटे व्हॉल्व्ह, सांभाळतात. दुसऱ्याने लवकर पकडलं तर दोघांची ओढाताण होऊन झटका बसतो. उशिरा पकडलं तर मधल्या क्षणी इंजिन मोकळं धावतं, आरपीएमचा काटा उडी मारतो आणि मग दणका बसतो. तेल कमी झालं, जळून काळं पडलं, एखादा सोलेनॉइड अडकायला लागला, तर हे घडतं. बॅटरी काढून परत लावल्यावरही काही गाड्यांत दोन-चार दिवस झटके येतात, कारण कॉम्प्युटर आपली शिकलेली जुळणी विसरलेला असतो. तेवढ्यावरून कुणी डबा उतरवायला निघालं तर त्याला चहा पाजून घरी पाठवावं.

मग घोटाळा कशामुळे होतो? गाडी थांबत असतानाच ऑटोमॅटिक तिसऱ्यावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून पहिल्यावर उतरत असतो. नेमक्या त्याच क्षणी मागे खाचांचा सांधाही सुटतो. बसणाऱ्याच्या पाठीला कसं कळणार कोण आधी हललं?

पाठीला नाही, पण आरपीएमच्या काट्याला कळतं. मोकळ्या, सपाट रस्त्यावर मॅन्युअल मोडमध्ये एकच गिअर धरून चाळीसच्या आसपास चालवा. अॅक्सिलरेटर थोडा दाबा, सोडा, दाबा. डॅशबोर्डवरचा गिअरचा आकडा जागचा न हलता ‘टक’ वाजलं, तर गिअरबॉक्सवर आळ घेऊ नका. क्रॉस नाहीतर हाउसिंगमध्ये ढिलाई आहे. धक्का दर वेळी आकडा बदलतानाच आला, आणि त्याआधी काटा वर उसळला, तर संशय डब्यावरच. दुसरी चाचणी थांबतानाची: त्याच मोकळ्या रस्त्यावर, उतार नसताना, हळू वेगात न्यूट्रल टाकून ब्रेकने थांबा. तरीही ढुशी आली तर ती शाफ्टची.

सगळ्यात भरवशाची खूण मात्र मला तापमानाची वाटते. गिअरबॉक्सचा दोष तेलाबरोबर रूप बदलतो. सकाळी थंड असताना एक, घाट चढून तापल्यावर दुसरंच. शाफ्टला सकाळ-दुपार कळत नाही. त्याला पाणी मात्र कळतं: पावसाळ्यात ओढ्यातून चार वेळा गाडी घातली, वर प्रेशरने धुतली, की ग्रीस वाहून जातं आणि मग तक्रार सुरू होते.

खाली शिरून बघायचं असेल तर इंजिन बंद, चाकांना ठोकळे, हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रलला. शाफ्ट हाताने पिळून बघा. क्रॉसच्या टोपीभोवती तांबूस पूड दिसली तर आतल्या सुया कोरड्या पडून गंजल्यात; तिथे ग्रीस भरून उपयोग नाही, क्रॉसच बदलावा लागतो. पूड नसेल तर ग्रीस गन घ्या. ज्या शाफ्टला निपल (ग्रीस भरायची तोंडं) आहेत तिथे क्रॉसमध्ये नवं ग्रीस कडेने बाहेर येईपर्यंत भरायचं. सरकत्या सांध्यात मात्र हात आखडता घ्यावा. ठासून भरलं तर त्याला आत सरकायला जागा उरत नाही.

तेलाचं थोडक्यात. आजकालच्या बऱ्याच ऑटोमॅटिकना डिपस्टिक नसते. तेल ठरावीक तापमानाला आणून, इंजिन चालू ठेवून, तपासणीच्या बोल्टमधून पातळी बघतात. अंदाजाने ओतणाऱ्यापासून गाडी लांब ठेवलेली बरी. ‘तेल आयुष्यभराचं आहे’ हेही कुणी सांगेल. कुणाच्या आयुष्याचं, एवढं विचारून घ्यावं.

उतारावर पार्किंगमधून गिअर काढताना होणारा ‘ठण्ण’ या दोघांपैकी कुणाचाच नाही. गाडीचं सगळं वजन पार्किंगच्या छोट्या खिट्टीवर टांगलेलं असतं, ती सुटते तेव्हा वाजते. आधी न्यूट्रल करून हँडब्रेक ओढायचा, ब्रेकवरचा पाय सैल करून वजन हँडब्रेकवर घेऊ द्यायचं, मग पार्किंग. आवाज जातो.

कधीकधी दोन्ही दोष एकत्र नांदतात. भारतात २०२२ साली आलेल्या हायलक्सचा ऑटोमॅटिक ५०० न्यूटन मीटरचा टॉर्क मागे पाठवतो, मॅन्युअलला तोच ४२० आहे. एवढा जोर ढिल्या क्रॉसवर येऊन आदळला की गिअरबॉक्सचा जेमतेम जाणवणारा झटकाही दणक्यासारखा लागतो. म्हणून आधी क्रॉस आणि ग्रीस उरकून घ्या, आठवडाभर गाडी चालवा, आणि त्यानंतरही काटा उसळत असेल तरच स्कॅनर लावायला सांगा.